घुमट, घुमणे आणि व्युत्पत्तीचा मोह

‘ज्यात आवाज घुमतो तो घुमट’ ही व्युत्पत्ती मराठीच्या वर्गांतून निर्धास्तपणे सांगितली जाते. सांगणाऱ्याला ती पुराव्याशिवाय पटलेली असते आणि ऐकणाऱ्याला ती सुचण्याआधीच ठाऊक असल्यासारखी वाटते. शब्द आणि वस्तू यांचे इतके सुरेख जुळलेले नाते पाहिले की शंका घेणे हा रसभंग ठरतो. पण व्युत्पत्ती हा रसास्वादाचा प्रांत नव्हे. या एका वाक्यात तीन स्वतंत्र चुका एकमेकींना टेकून उभ्या आहेत. पहिली इतिहासाची, दुसरी रूपविचाराची आणि तिसरी साहित्यविचाराची. तिसरी सर्वांत महाग पडली आहे.

रूपविचारापासून आरंभ करणे सोयीचे. ‘घुम’ या अंगाला ‘-अट’ हा प्रत्यय लागून ‘घुमट’ झाला असे मानायचे, तर हा प्रत्यय मराठीत काय काम करतो ते आधी पाहिले पाहिजे. आंबट, खारट, तिखट, कुबट, पोरकट, बावळट या शब्दांत तो गुण दाखवणारी विशेषणे घडवतो. घसट, फरफट अशा मोजक्या ठिकाणी तो क्रियेचे नाव होतो, आणि ती नामे स्त्रीलिंगी आहेत. क्रिया जिथे घडते त्या जागेचे पुल्लिंगी नाम या प्रत्ययाने घडल्याचे उदाहरण या व्युत्पत्तीच्या कैवाऱ्यांनी दाखवलेले नाही. शिवाय बांधीव पोकळीला तिच्यातल्या आवाजावरून नाव देण्याची मराठीची रीत नाही. गाभाऱ्यात आवाज घुमतो हे देवळात गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी ‘गाभारा’ हा ‘गर्भागार’वरूनच आलेला आहे, घंटेवरून नव्हे. तळघर, भुयार, पेव यांपैकी एकाचेही नाव आवाजाने ठेवलेले नाही. मग एकट्या घुमटानेच हा मान का मिळवावा?

उत्तर सरळ आहे. ‘घुमट’ हा फारसी ‘गुंबद’ आहे. हे नवे संशोधन नव्हे. पण कोशात असलेली गोष्ट वर्गापर्यंत पोचतेच असे नाही. शंका असेल त्याने विजापूरला जावे. मुहम्मद आदिलशाहाच्या (मृत्यू १६५६) कबरीवरील त्या प्रचंड इमारतीला उर्दूत गोल गुंबद म्हणतात, कानडीत गोल गुम्मट म्हणतात आणि मराठीत गोलघुमट म्हणतात. एकाच वस्तूची ही तीन नावे ओळीने ठेवली की शब्दाचा सारा प्रवास डोळ्यांसमोर येतो. ‘म्ब’चा ‘म्म’ झाला, अखेरच्या ‘द’चा ‘ट’ झाला. हे दोन्ही बदल कानडीत आहेत, आणि कानडीला त्यासाठी ‘घुमणे’ या मराठी क्रियापदाची गरज पडलेली नाही. हिंदीत रस्त्याकडेच्या लहानशा टपरीला किंवा बुरुजीला ‘गुमटी’ म्हणतात. तोच शब्द, तोच ‘ट’, आणि आरंभी ‘ग’. मराठीत मात्र ‘घुमटी’.

म्हणजे समजावून सांगायचे उरते ते एवढेच, की मराठीत ‘ग’चा ‘घ’ का झाला. आणि इथेच, ज्यांची व्युत्पत्ती चुकीची त्यांच्याच पदरात थोडे श्रेय टाकावे लागते. हा महाप्राण नियमित ध्वनिपरिवर्तनाने स्पष्ट होत नाही. तो ‘घुमणे’कडून आलेला असण्याचाच संभव अधिक. बाहेरून आलेला ‘गुमट’ हा शब्द ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या कानाशी आधीच ‘घुमणे’ उभे होते; खाली उभे राहून हाक मारली की वरून ती परत येते हा अनुभव होता; आणि त्या दोहोंनी मिळून परक्या शब्दाचा पहिला वर्ण बदलून टाकला. लोकव्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगत नाही, पण जन्मानंतरचे त्याचे आयुष्य ती घडवू शकते. वर्गातले वाक्य उलटे करून वाचले तर खरे ठरते : आवाज घुमतो म्हणून घुमट जन्मला नाही, आवाज घुमतो म्हणून गुमटाचा घुमट झाला.

हा फरक केसाळ वाटेल. पण त्याच्या मागे एका प्रदेशाचा इतिहास आहे. पुणे, सुपे आणि इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीचे म्हणून मराठी वाचकाला परिचित आहेत. मालोजीराजे पडले ते इंदापूरच्या लढाईत. आणि ही जहागीर आधी निजामशाहीच्या, मग आदिलशाहीच्या छायेत नांदली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात कऱ्हेच्या काठी मोरगाव आहे, अष्टविनायकांतले पहिले स्थान. मयूरेश्वराच्या त्या देवळाच्या चार कोपऱ्यांवर चार मनोरे आहेत आणि दुरून पाहणाऱ्याला ती वास्तू मशिदीसारखी भासते, हे तिथे जाणारा प्रत्येक भाविक पाहतो. ‘मनोरा’ हा शब्दही अरबी-फारसी मार्गाने आलेला ‘मिनार’. उद्या कोणी त्याची ‘मन रमवणारा तो मनोरा’ अशी फोड केली तर आश्चर्य वाटायला नको. कदाचित ती झालेलीही असेल. वास्तू आली, कारागिरी आली, शब्द आला, आणि गणपतीच्या देवळाने तिन्हींना जागा दिली. शब्दांना तेवढी जागा नाकारण्याचे काम पुढच्या पंडितांनी केले.

या नाकारण्याला परंपरा आहे. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याला राजकीय प्रयोजन होते आणि ते समजण्याजोगे होते. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. माधव जूलियन यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. एकाच विद्वानाने मराठीतल्या फारसीचे एवढे मोठे माप पदरात घालावे आणि पुढे तिच्या शुद्धीचाही विचार मांडावा, यात विसंगती नाही. त्यांनी निदान कोणता शब्द कुठला हे आधी पाहिले होते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचेही तसेच. जुन्या पत्रांतील फारसी शब्दांचे प्रमाण मोजून दाखवणारे तेच, आणि त्यांच्या पश्चात १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या धातुकोशात मराठी धातूंना संस्कृत मुळांशी नेऊन भिडवणारेही तेच. राजवाड्यांच्या धाडसाला त्यांच्या व्यासंगाचे तारण होते. त्यांच्यामागून धाडस उरले, तारण गेले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून हा मोह नव्या उमेदीने वाढतो आहे. दर्जाबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्यामागून येणाऱ्या समजुतीबद्दल : की प्रत्येक मराठी शब्द जितका जुना आणि जितका स्वदेशी ठरेल तितकी भाषा थोर. अशा वातावरणात ‘घुमट’सारखा शब्द अडचणीचा होतो. तो फारसी म्हणावा तर अभिमान दुखावतो, म्हणून त्याला ‘घुमणे’च्या पोटी घालण्यात येते.

आता त्या ‘घुमणे’कडे. इथे दुसरा पक्ष भेटतो आणि तो अधिक आळशी आहे. त्याचे म्हणणे असे, की ‘घुमणे’ हा ध्वन्यनुकारी शब्द. ‘घुम् घुम्’ असा आवाज होतो म्हणून घुमणे. आणि ध्वन्यनुकारी शब्दाला व्युत्पत्ती नसते. मोल्सवर्थच्या कोशाने असंख्य शब्दांपुढे अनुकरणवाचक अशी खूण केली, ती निरीक्षण म्हणून मोलाची होती. पुढे तिचा उपयोग चौकशी थांबवण्यासाठी झाला. अनुकरणालाही इतिहास असतो. हेमचंद्राने बाराव्या शतकात संस्कृत ‘घूर्ण्’ या धातूच्या जागी येणारी प्राकृत रूपे सांगितली, त्यांत ‘घुम्म’ आहे. घूर्ण् म्हणजे गरगरणे, डोलणे. हिंदी ‘घूमना’, गुजराती ‘घूमवुं’ यांच्यात तोच अर्थ टिकला आहे. मराठीत मात्र ‘घुमणे’ म्हणजे फिरणे नव्हे. पण ते साफ गेले आहे काय? देवऋषी घुमतो तेव्हा काय करतो? त्याचे अंग गोल डोलते, मान गरगरते, आणि त्याच वेळी ओठांआडून एक जड हुंकार निघत राहतो. यांपैकी ‘घुमणे’ कशाला म्हणतात असे विचारले तर सांगणारा गोंधळतो, कारण त्याच्या लेखी त्या दोन क्रिया नाहीतच. नवरात्रात महालक्ष्मीपुढे घागर फुंकणाऱ्या बायकांचेही तेच. घागर घुमते आणि फुंकणारी फेर धरते.

तेव्हा ‘घुमणे’त एक प्राकृत गरगर आणि एक अनुकरणात्मक हुंकार मिसळून गेला आहे, असे मानणे उपलब्ध सामग्रीला अधिक धरून आहे. पारवा घुमतो तो गळा फुगवून, जागच्या जागी फेऱ्या घेत घुमतो. निसर्गानेही हे दोन अर्थ एकत्र ठेवले आहेत. ‘घुमट’ हा तिसरा, परदेशातून आलेला प्रवाह या संगमाला येऊन मिळाला. गोव्यात मातीच्या मडक्यावर कातडे ताणून केलेल्या वाद्याला घुमट म्हणतात. त्या नावाचा उगम काहीही असो, मराठी-कोकणी कानाला पोकळ, गोल आणि भारदस्त आवाजाची वस्तू ‘घुमट’च वाटते, एवढे तरी त्यातून दिसते.

शब्दाचे कूळ मिश्र ठरले म्हणून त्याचा अर्थ सैल ठरत नाही. उलट, हा अर्थ काटेकोर आहे आणि तोच सैल करण्याचे काम नित्य चालू असते. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या वाटेने पुढे जाते. बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण होते. त्या दिवसांच्या वार्तेत टाळमृदंगांचा गजर आळीपाळीने घुमतो, दुमदुमतो आणि निनादतो, जणू हे तिन्ही शब्द एकाच पिशवीतले. मराठी बोलणारा माणूस मात्र ते एकाच पिशवीत ठेवत नाही. ‘गाव दुमदुमले’ असे तो म्हणतो, ‘गाव घुमले’ असे म्हणत नाही. दुमदुमणे हे जागेचे काम आहे : आवाजाने जागा भरली, ओसंडली, आता वेगळा आवाज उरलाच नाही. घुमणे हे आवाजाचे किंवा त्याच्या पात्राचे काम आहे, आणि त्याला भिंत लागते. रिंगणाच्या उघड्या माळावर मृदंग दुमदुमतो, घुमत नाही. तोच मृदंग रात्री मुक्कामी देवळाच्या मंडपात घुमतो. ‘खणखणीत’ तर तिसराच. तो धातूचा, सरळ जाणारा, मागे काही न ठेवणारा आवाज. बोलणाऱ्याच्या जिभेवर हे भेद शाबूत आहेत. लिहिणाऱ्याच्या लेखणीत ते राहिलेले नाहीत, आणि समीक्षकाच्या परिभाषेत तर ते कधी शिरलेच नाहीत.

मराठी समीक्षेला कवितेच्या आवाजाबद्दल बोलायचे झाले की दोन शब्द हाताशी असतात : नादमाधुर्य आणि अनुरणन. पहिला इतका वापरला गेला आहे की त्यातून आता काही ऐकू येत नाही. दुसरा आनंदवर्धनाच्या घरचा. नवव्या शतकातल्या ‘ध्वन्यालोका’त व्यंग्यार्थाचा एक प्रकार अनुस्वानासारखा, अनुरणनरूप म्हटला आहे, आणि अभिनवगुप्ताने घंटेच्या अनुरणनाचा दाखला दिला आहे. टोल पडतो, तो संपतो, आणि मागून नाद लांबत जातो. तसा वाच्यार्थामागून दुसरा अर्थ उमटतो. संकल्पना थोर आहे. पण मराठी वर्गात ती आली तेव्हा घंटा बाहेर राहिली आणि संज्ञा तेवढी आत आली. ध्वनीचा सिद्धांत शिकवताना ध्वनीचा उल्लेखही होत नाही, ही आपल्या अभ्यासक्रमांची एक गमतीदार शोकांतिका आहे.

तरीही ‘अनुरणन’ आणि ‘घुमणे’ हे पर्याय नव्हेत, आणि इथेच मराठी शब्दाचे खरे मोल आहे. घंटेचे अनुरणन घंटेच्या स्वतःच्या अंगात असते; रिकाम्या माळावर टांगली तरी ती लांबत वाजेल. घुमण्याचे तसे नाही. तिथे आवाज एकाचा आणि पोकळी दुसऱ्याची. गोलघुमटाच्या आतील सज्जात एका बाजूला कुजबुजले तर सुमारे ३८ मीटर व्यासापलीकडे उभ्या माणसाला ते ऐकू येते; त्या करामतीत बोलणाऱ्याचा वाटा फार थोडा आहे. काव्यार्थाची लांबण शब्दांतच असते असे अनुरणन सांगते. ती ऐकणाऱ्यांच्या मध्ये असलेल्या अवकाशात घडते असे घुमणे सांगते. साहित्यविचाराला यातला दुसरा मुद्दा गेल्या शतकात पाश्चात्त्य वाचककेंद्री सिद्धांतांच्या मार्फत शिकावा लागला. घरचा शब्द दारात उभा होता. त्याला कोशातली व्युत्पत्ती विचारण्याच्या नादात त्याचा अर्थ विचारायचा राहून गेला.

याची किंमत बारामतीच्या कवीने मोजली. मोरोपंत रामचंद्र पराडकर (१७२९–१७९४) पन्हाळ्याहून कऱ्हेकाठी आले, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीत स्थिरावले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत तिथेच राहिले. आर्याभारत, केकावली, रामायणांची ती अवाढव्य मालिका हे सारे तिथले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत (१८७४–१८८१) त्यांची बाजू जोरकसपणे मांडली. पण नंतरच्या समीक्षेने शब्दचमत्कृती, यमकांची हौस, संस्कृतप्रचुर अवजडपणा असे शेरे मारून त्यांना पंडिती काव्याच्या दालनात ठेवून दिले. आजचा पदव्युत्तर विद्यार्थी मोरोपंत वाचतो तो हा निकाल आधी वाचून.

हा निकाल छापील पानावर लागलेला आहे. मोरोपंतांची आर्या बहुधा गीती असते : बारा आणि अठरा मात्रांचे दोन चरण, पुन्हा बारा आणि अठरा, आणि यमक दुसऱ्या व चौथ्या चरणाच्या अखेरीस. म्हणजे एक आवाज केला की तो तीस मात्रांनी परत येतो. पानावर डोळा ही दोन यमके एका झटक्यात, एकाखाली एक पाहतो. त्याला ती नाण्यांसारखी खणखणतात आणि दिखाऊ वाटतात. पण या आर्या कीर्तनकारांच्या आणि पुराणिकांच्या तोंडी जगल्या. कीर्तनकार पूर्वार्ध म्हणतो, थांबतो, श्रोत्यांकडे पाहतो, कधी त्याचा अर्थ उलगडतो, मृदंगाला एक ठेका मारू देतो आणि मग उत्तरार्धाला हात घालतो. तीस मात्रांचे अंतर सभेत मिनिटभराचे होते. त्या मिनिटात पहिला शब्द श्रोत्याच्या मनात अडकून असतो, आणि यमकात तीच अक्षरे दुसरा अर्थ घेऊन येतात तेव्हा मंडप ‘हां’ म्हणतो. हे घुमणे आहे. आवाज कवीचा, पोकळी कीर्तनाची. पोकळी काढून घेतली आणि आवाज कोरडा आहे अशी तक्रार केली, तर दोष कोणाचा?

यावर कोणी म्हणेल की असा बचाव कोणत्याही यमकबाजाला लागू पडेल. तो पडत नाही. निरोष्ठरामायण घ्या. ओठ न लावता उच्चारता येणाऱ्या अक्षरांतच संपूर्ण कथा सांगण्याचा तो हव्यास डोळ्यांसाठी आणि पंडितांच्या पैजेसाठी आहे. श्रोत्याला त्यात काय वगळले ते सांगितल्याशिवाय कळणारही नाही. (‘घुमणे’ हा शब्दच त्या काव्यात येऊ शकत नाही, त्याचा ‘म’ ओठांचा.) अशा रचनांवरचे शब्दचमत्कृतीचे शेरे योग्यच आहेत. पण आर्याभारतातल्या युद्धप्रसंगांना तेच शेरे लावणे म्हणजे घुमट आणि घंटा यांत भेद न करणे. कसोटी साधी आहे : यमकाचा दुसरा उच्चार पहिल्याचा अर्थ मागे वळून बदलतो की नाही? बदलत असेल तर ते घुमले. नसेल तर नुसते वाजले. ही कसोटी लावून आर्याभारताचे एखादे पर्व कोणी तपासले, तर मोरोपंतांच्या किती आर्या टिकतात आणि किती गळतात हे आकड्यांत सांगता येईल. ते काम एका प्रबंधाला पुरेल, आणि मोरोपंतांवर आणखी एक ‘नादमाधुर्य’ हे प्रकरण लिहिण्यापेक्षा ते बरे.

कवीला स्वतःला आपल्या आवाजाबद्दल काय वाटत होते याची एक खूण त्यांनी ठेवली आहे. आपल्या अखेरच्या स्तोत्राला त्यांनी ‘केकावली’ म्हटले. मयूर या नावाच्या कवीची ही केकांची ओळ. केका म्हणजे मोराची हाक. शिक्षाग्रंथांची परंपरा मोराला षड्जाचा धनी मानते; प्रत्यक्षात कऱ्हेकाठच्या माळावर मोर ओरडतो तेव्हा तो आवाज कर्कश, ताणलेला आणि एकाकी असतो. त्याला कोणी माधुर्य म्हणणार नाही. केकावलीतला भक्त देवाला साद घालतो, भांडतो, वकिली करतो, आणि उत्तराची वाट पाहतो. हाक स्वतः घुमत नसते. ती घुमण्यासाठी पलीकडे काहीतरी असावे लागते. त्या स्तोत्राच्या पृथ्वी वृत्तावर आणि संस्कृत समासांवर पाने भरून लिहिणाऱ्या समीक्षेने हा शब्द कवीने का निवडला हे मात्र क्वचितच विचारले. विचारले असते तर ‘नाद’ आणि ‘माधुर्य’ या दोन्ही शब्दांची त्या ठिकाणी गरज उरली नसती.

राहता राहिली कोशांची बाजू. कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६चा. त्यानंतर बोलींची सामग्री कितीतरी वाढली, पण पोकळ वस्तूंच्या आवाजांचे शब्द तालुकावार जमवण्याचे काम झालेले नाही. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याने गावे उठली आणि त्यांच्याबरोबर आड, पेवे, जुने वाडे आणि देवळांचे मंडपही पाण्याखाली गेले. पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ पाणी ओसरले की तेवढे वर येते. आडात घागर बुडताना, पेवात माणूस बोलताना, रिकाम्या कणगीवर थाप मारताना होणाऱ्या आवाजांना तिथली म्हातारी माणसे वेगवेगळ्या क्रियापदांनी ओळखत आली आहेत. ती क्रियापदे ज्या पोकळ्यांसाठी होती त्या पोकळ्या बुडाल्या किंवा बुजल्या. शब्द अजून काही वर्षे तोंडांत राहतील.